येवल्याचं गवत

अण्णा गाईंना अहो-जाहो करायचे. माणूस कितीही मोठा असो, डोकं फिरलं की अण्णा त्याला एका दमात एकेरीवर आणत. पण गाईला त्यांनी कधी 'अगं' म्हटलेलं मी ऐकलं नाही. सकाळी गोशाळेचं फाटक उघडायचं, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातात धरून टिकटिक वाजवायचा आणि खर्जात सांगायचं, "दारात गर्दी करू नका. आत सरका. मागं सगळं रिकामं आहे." आणि शंभरावर भाकड गाई, थकलेले बैल, कुणी रस्त्यावर सोडून दिलेली वासरं शहाण्या उतारूंसारखी खरोखर आत सरकायची. तुम्हाला खोटं वाटत असेल तर तुमची चूक नाही; मला ओळखणारे सगळेच माझ्या बोलण्यातलं आधी निम्मं वजा करतात. या गोष्टीतलं मात्र काही वजा करू नका.

तो चिमटा एसटीतला. अण्णा नाशिक–येवला गाडीचे कंडक्टर आणि माझे वडील त्याच गाडीचे ड्रायव्हर. दोघांनी इतकी वर्षं एका गाडीवर काढली की घरी जेवताना आईने पळी पातेल्यावर दोनदा आपटली तर वडिलांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. एका दुपारी स्टँडवर गाडी लागलेली असतानाच वडील गेले. अण्णांनी नव्या ड्रायव्हरबरोबर थोडे दिवस ढकलले आणि मग वेळ व्हायच्या आधीच नोकरी सोडली. आईला येऊन म्हणाले, "वहिनी, डबल बेल मारायला हातच वर जात नाही."

अंबडच्या कारखान्यांच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, एका ट्रस्टची गोशाळा होती. तिला व्यवस्थापक हवा होता. पगार प्रसादासारखा, तळहातावर मावेल एवढा. अण्णांची बायको आधीच गेलेली, मुलगी सिन्नरला दिलेली, तेव्हा त्यांना तेवढा पुरत होता. आमची कॉलनी गोशाळेच्या समोरच, रस्त्याच्या अलीकडे. मी अंबडला पाळीवर जायचो. दुसरी पाळी असली की माझी सकाळ अण्णांच्या फाटकावर. नव्वदीची ती पहिली वर्षं. एवढं फुकटचं नाटक तेव्हा नाशकात दुसरीकडे कुठे चालू नव्हतं.

गोशाळेच्या मागे ट्रस्टचं कुरण होतं, फाटकापासून थेट डोंगरापर्यंत. अण्णांनी दगड रचून त्याचे चार भाग पाडले आणि त्यांना आपल्या रूटवरची नावं दिली. फाटकाजवळचं ते 'स्टँड', मग 'निफाड', मग 'विंचूर' आणि डोंगराला टेकलेला शेवटचा भाग 'येवला'. धर्मा नावाचा गोशाळेचा गुराखी होता, त्याला ते फाटकातून हाक मारून विचारायचे, "धर्मा, गाडी कुठं लागली?" लांबून उत्तर यायचं, "विंचूरला हाय, अण्णा. दुपारून येवल्याला काढतो." नवा माणूस ऐकून चक्रावून जायचा. एकदा एक बिचारा पिशवी घेऊन फाटकात उभा राहिला आणि येवल्याला जागा मिळेल का म्हणून विचारू लागला. अण्णांनी त्याला गंभीरपणे विचारलं, "चरणार का?"

गाईंची नावंही तशीच. काळी ती 'रातराणी', पांढरी उंच ती 'एशियाड', आणि एक गाय सगळ्यांत शेवटी रमतगमत यायची तिचं नाव 'जलद'. एका म्हाताऱ्या लाल बैलाला ते 'लाल डबा' म्हणत. त्याच्या सांध्यांचा चालताना खरोखरच आवाज यायचा.

चरण्याचा त्यांचा नियम एका ओळीचा होता: "गुडघ्याला लागलं की डबल बेल, घोट्यावर आलं की सिंगल." म्हणजे गवत गुडघ्याएवढं झालं की गुरं आत सोडायची आणि घोट्याएवढं उरलं की तिथून उठवून पुढच्या भागात न्यायची. हे ज्ञान अण्णांचं नव्हे. धर्माच्या बापाकडून उचललेलं, वरून एसटीचा रंग मारलेला. पण पाळायचे मात्र ते रोज, धोतर वर खोचून, स्वतःच्या पायाने गवत मापून. असं वेळेवर कापलं गेलेलं गवत बुंध्यातून दाट फुटायचं. येवल्याचा भाग सगळ्यांत देखणा. मारवेल आणि पवन्या अशी गवतं, की गाईने एकदा मान खाली घातली की शेपटीशिवाय तिचं काही हलायचं नाही. आई एकदा म्हणाली, "भावजी, एवढं छान गवत गाई तुडवून संपवतील ना हो?" अण्णा म्हणाले, "उलट आहे, वहिनी. गाडी जायची बंद झाली की गाव मरतं. गवताचंही तसंच."

हे वाक्य लक्षात ठेवा. अण्णा ते स्वतःच विसरले होते, एका उन्हाळ्यापुरते.

एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. दिवाळीतच चारही भाग घोट्याखाली गेले आणि संक्रांतीनंतर कुरणात नुसती ढेकळं दिसू लागली. लाल डबा बसला तो उठेना. तेव्हा अण्णांनी शर्टाला इस्त्री केली, चिमटा खिशात घातला आणि पंचवटी गाठली. भजनी मंडळं, हळदीकुंकू, कॉलन्यांचे ओटे, कुठेही चार माणसं दिसली की हा माणूस मध्ये उभा राहायचा. टिकटिक. "गोग्रास, गोग्रास. तिकीट तुम्ही काढा, प्रवास गाय करेल. मूठभर चुनी, खडाभर गूळ, कालची पोळी, काहीही चालेल." बायका हसायच्या आणि घरात जाऊन पदराखाली काहीतरी घेऊन यायच्या. पहिली पोळी माझ्या आईची. ती तसा मान कुणाला घेऊ देणारी बाई नव्हती.

प्रश्न एवढाच होता की गव्हाण कुठे मांडायची. हे बोलणं झालं तेव्हा मी फाटकाच्या कठड्यावर बसलो होतो.

धर्मा म्हणाला, "अण्णा, येवल्याला ठेवू. तिथं पळसाची सावली हाय. गाया खायाच्या निमतानं रानात चालत्या ऱ्हातील."

अण्णा हसले. "अरे, रिक्षा येवल्यापर्यंत जाणार आहे का? काठापदराच्या साड्या नेसलेल्या बायका ढेकळांतून चालणार आहेत का? जिथं उतारू, तिथं स्टँड."

गव्हाण फाटकाशी मांडली. आयुष्यभर उतारूंची सोय पाहिलेला माणूस. त्याने याही वेळी उतारूंचीच सोय पाहिली. आपले उतारू आता कोण आहेत, एवढंच त्या घटकेला त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

घास मात्र असा जमला की विचारू नका. सकाळ-संध्याकाळ रिक्षा लागायच्या. सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, भिजवलेली डाळ, गुळाच्या ढेपा. अण्णा रांग लावायचे, "सुट्टा गूळ हातात ठेवा, पुढच्यांचा खोळंबा होतोय." लाल डबा गेला, बाकी सगळी गुरं तगली. ट्रस्टने अण्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे शेठ म्हणत. लोण्यासारख्या आवाजाचा माणूस, कधी चढ्या स्वरात बोलला नाही आणि कधी मागे हटला नाही. शेठ भाषणात म्हणाले, "अण्णांनी गाईच्या तोंडाशी पुण्य आणून ठेवलं." अण्णा लाजले. मी त्यांना लाजताना त्यानंतर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. चारी भाग गुडघ्याला लागले. अण्णांनी मोठ्या थाटात आतलं आडवं बांबू-दार काढलं, टिकटिक केलं आणि म्हणाले, "चला, आत सरका. मागं सगळं रिकामं आहे."

एक गाय हलली नाही. सगळ्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या, रिक्षाची वाट पाहत. अण्णांनी पुन्हा टिकटिक केलं. एशियाडने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, जाणारी गाडी हात केल्यावर न थांबता निघून जाते आणि आतला एखादा उतारू काचेतून आपल्याकडे पाहतो ना, तसं. मी इतका हसलो की कठड्यावरून खाली पडायचा राहिलो. अण्णाही हसले. पहिल्या दिवशी.

मग धर्मा रोज तेच सांगू लागला. "अण्णा, हाकून नेतो मी, पन निफाडावरून माघारी येत्यात. हॉर्न वाजला की पळत सुटत्यात." आणि का येणार नाहीत? पेंड, गूळ आणि पोळी उभ्या जागी मिळत असताना एवढं चालून गवत कोण ओरबाडणार? निमंत्रण असताना आपण तरी घरी खिचडी टाकतो का? पोट अर्धं दारात भरायचं, उरलेलं स्टँडवरच्याच गवतात. घासाची कीर्ती ऐकून लोक आणखी भाकड गुरं आणून सोडू लागले, तीही तिथेच उभी. दोन-तीन वर्षांत स्टँडवर गवताची काडी उरली नाही. नुसतं शेण, मूत आणि चिखल, आणि त्यावर टाकळा आणि गाजरगवत, जे कुणी खात नाही ते.

आणि मागे, येवल्याला, उलटा खेळ चाललेला. गवत गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, कमरेला लागलं आणि कुणी आलंच नाही म्हणून उभ्या उभ्या वाळलं. पुढच्या पावसात नवा फुटवा त्या वाळक्या काड्यांच्या खाली, अंधारात, पिवळा पडून बसला. मारवेल मागे हटली आणि कुसळी वर आली. चुकून एखादी गाय तिथवर गेली तर दोन घास खाऊन मान वर करायची. काडी चघळून तोंड दुखलेलं. मग ती फाटकाकडे निघायची. लांबून पाहिलं तर कुरण हिरवंगार, भरघोस. शेठ गाडीतून पाहून म्हणायचे, "वा, केवढं गवत आहे." अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "दारात चेंगराचेंगरी आणि मागच्या बाका रिकाम्या. कंडक्टर काय कामाचा?"

त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू. पाटी लावली, 'पावसाळ्यात घास आणू नये'. लोकांनी पाटीच्या खिळ्याला हार अडकवला. मग ते घरोघर सांगत फिरले, आणि तसे आमच्याही घरी आले. आई कणीक मळत होती.

"वहिनी, पाऊस असेतो पोळी बंद करा."

"का? माझी पोळी गाईला बाधली?"

"गाईला नाही. गवताला बाधते."

आईने हात थांबवला. "भावजी, माझ्या पोळीने तुमचं एवढ्या लांबचं गवत वाळतं? उद्या म्हणाल, माझ्या फोडणीने गोदावरी आटते."

अण्णांनी समजावलं, अगदी भांडी मांडून. पेल्याला गाय केलं, लाटण्याला फाटक केलं आणि डब्याच्या मागे येवला ठेवलं. आईने शांतपणे डबा उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "दारातल्या गाईला नाही म्हणायचं नसतं. माझ्या सासूने शिकवलंय, तुमच्या डेपोने नाही." पोळी चालू राहिली.

मग अण्णांनी धर्माचंच म्हणणं उचललं, काही वर्षं उशिराने. गव्हाण उचलून येवल्याला नेली. घास घालायचा तर चालत या. पहिल्याच एकादशीला शेठांच्या घरची मंडळी चालत गेली आणि साड्यांना बोटभर कुसळं लावून परत आली. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः हजर. "अण्णा, दाता दारात येतो, त्याला तुम्ही रानात पाठवता. बरं दिसतं का?" महिन्याभरात फाटकाशी सिमेंटच्या गव्हाणी बांधल्या गेल्या, वर पत्र्याची शेड, आणि प्रत्येक गव्हाणीवर देणाऱ्याच्या आई-वडिलांच्या नावाची पाटी. आता गव्हाण उचलायची म्हणजे कुणाचे तरी आई-वडील उचलायचे. अण्णा पाट्या वाचत फिरले आणि म्हणाले, "रिझर्व्हेशन झालं."

दोन हजार साल उलटलं तसं अंबडच्या बाजूने शहर कुरणाकडे सरकू लागलं. प्लॉटचे दगड दिसू लागले. एका उन्हाळ्यात कुणीतरी बिडी टाकली आणि विंचूर-येवल्याचं ते वाळकं गवत एका दुपारी पेटून काळं झालं. शेठांनी सभा बोलावली. अण्णांनी मला बरोबर नेलं, सोबतीला.

शेठ मऊ आवाजात म्हणाले, "जमीन पडून आहे. गाई तिकडे जात नाहीत, सगळ्या गव्हाणीवरच असतात. मागचा भाग बांधकामाला दिला तर गोशाळेला कायमचा आधार होईल. अण्णा, आपलंच आहे सगळं."

अण्णा उभे राहिले. "शेठ, गाई जात नाहीत कारण आपण दारात खायला घालतो. घास बंद करा, जातील."

"आणि घास कोणी सुरू केला?" शेठांनी विचारलं. त्यात टोमणाही नव्हता. सभेत कुणाच्या तरी कपबशीचा आवाज झाला.

"मी," अण्णा म्हणाले.

ते बसले नाहीत. म्हणाले, "एक पावसाळा द्या. गव्हाणी रिकाम्या ठेवतो. गाई येवल्याला चरायला लागल्या तर जमीन राहू द्या. नाही लागल्या तर मी बोलणार नाही."

शेठांनी मान डोलावली. अशा वेळी ते नेहमीच मान डोलावायचे.

त्या पावसाळ्यातले अण्णा मला सगळ्यांत जास्त आठवतात. फाटकाला कडी, बाहेर अण्णा. रिक्षा आली की हॉर्न वाजायच्या आत धावत जायचे, "ही गाडी फुल झाली. मागून दुसरी नाही." लोक शिव्या द्यायचे, ते चिमटा वाजवायचे. आत गाई दिवसभर हंबरायच्या, रिकाम्या गव्हाणी चाटायच्या. पण वणव्याने एक उपकार केला होता. वाळक्या काड्यांचं ओझं जळून गेलं होतं आणि येवल्याला बुंध्यातून कोवळं गवत वर आलं होतं. धर्मा आणि अण्णा पुढे, मागे रेंगाळत जलद, तिच्यामागे आणखी दोन-चार. मग एशियाड. श्रावण सरला तेव्हा सकाळी गेलेली गुरं संध्याकाळपर्यंत फाटकाकडे फिरकेनाशी झाली. धर्मा लांबून ओरडला, "गाडी येवल्याला लागली, अण्णा." अण्णा धोतर खोचून तिथवर गेले, पायाने गवत मापलं आणि तिथेच मांडी घालून बसले. म्हणाले, "घोट्यावर आलंय रे." दगडांच्या त्या रांगेत बसलेला तो माणूस बक्षीस मिळालेल्या पोरासारखा दिसत होता.

शेठांचा निरोप आला: 'सर्वपित्री अमावास्येला पितरांचं पान घेऊन येतोच आहे. तेव्हा कुरणही पाहू.'

आता नाशिकच्या माणसाला सर्वपित्री म्हणजे काय ते सांगायला नको. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात एक पान गाईचं निघतं. गाय शोधत लोक वणवण फिरतात. अण्णांना हे ठाऊक होतं. चार दिवस ते सांगत होते, देवळापाशी गाई असतात तिथे जा. त्या सकाळी मी आईला स्कूटरवरून पंचवटीत न्यायला निघालो, तर ती मागे बसून म्हणाली, "समोरच चल." फाटकावर ही गर्दी. केळीच्या पानांवर खीर, वडे, पोळी, भाजी. कुणी आजोबांचं पान आणलंय, कुणी लेकाचं. अण्णा कडीवर हात ठेवून उभे. घसा बसलेला, तरी चालू, "हिच्यात जागा नाही. खरंच नाही. पुढं जा." लोक चिडत होते, पण थांबले होते. अण्णांनी आयुष्यभर गर्दी थोपवली होती. तीही थोपवली असती.

गर्दीतून वाट काढत आई पुढे गेली.

"भावजी, तुमच्या ड्रायव्हरचं पान आहे."

अण्णांचा चिमटा वाजायचा थांबला. "वहिनी, आज नको हो. आजचाच दिवस."

"आजचाच दिवस असतो हा. उद्या ठेवलं तर कुणाला पोचेल?"

"माझ्याकडे द्या. मी स्वतः येवल्याला नेऊन ठेवतो."

"मला गाय खाताना बघायची आहे," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दर वर्षी बघते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. खिरीत बेदाणे होते. वडिलांना खिरीत बेदाणे लागायचे, हे अण्णांना माझ्याइतकंच माहीत होतं. ते हळूच म्हणाले, "एकच हं, वहिनी," आणि आई जाईल एवढं फाटक उघडलं. रातराणीचा पाय दुखावला होता म्हणून ती जवळच बांधलेली होती. तिने पान खाल्लं. आईने हात जोडले.

"यांचं चालतं, मग आमचं का नाही?" मागून कुणीतरी म्हणालं. त्यानंतर काय झालं हे सांगायला मला फार वेळ लागतो, घडायला अजिबात लागला नाही. फाटक पुरं उघडलं, सगळे आत, सगळी पानं गव्हाणींवर, कुणीतरी हौसेने रिक्षाचा हॉर्न वाजवला. आणि लांब, डोंगराच्या पायथ्याला, सगळ्या माना एकदम वर झाल्या. गाई धावताना फार सुंदर दिसतात. येवला, विंचूर, निफाड, एकही थांबा न घेता सगळा कळप चिखल उडवत आला; सगळ्यांत पुढे जलद. आयुष्यात पहिल्यांदा ती नावाला जागली.

शेठांची गाडी आली तेव्हा शंभरावर गुरं फाटकाशी होती आणि मागे कुरणात एक बगळा होता. शेठांनी आपलं पान ठेवलं, हात धुतले, लांबवर पाहिलं. "अण्णा," ते म्हणाले, "गाई तर इथेच आहेत."

अण्णा बोलले नाहीत. तसं ठरलंच होतं. त्यांनी चिमटा वर केला, टिकटिक वाजवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आत सरका." वडे संपेपर्यंत एकही हलली नाही.

पुढचं तुम्हीच समजलात. रीतसर सगळ्या परवानग्या आल्या. आधी भिंत आली, मग इमारती आल्या. आज गोशाळेत ट्रकने वैरण येते आणि गव्हाणीवरची नावं दर दिवाळीला रंगवतात. अण्णांनी चिमटा धर्माला दिला. धर्मा त्याने गाईंच्या गळपट्ट्यांना भोकं पाडतो. अण्णा सिन्नरला मुलीकडे गेले. मी आईला घेऊन एकदा त्यांना भेटायला गेलो होतो. फार थकले होते. मुलगी चहा ठेवायला आत गेली तशी आई म्हणाली, "भावजी, त्या दिवशी मी..."

"पान पोचलं ना?"

"पोचलं."

"मग झालं." अण्णांनी हात हलवून विषय मिटवला. मग म्हणाले, "माझं मात्र गेटवर ठेवू नका, वहिनी. येवल्याला ठेवा." आणि मला डोळा मारला. तीच शेवटची भेट.

त्यानंतरच्या सर्वपित्रीला आईने दोन पानं काढली. एक वडिलांचं, ते तिने नेहमीसारखं गोशाळेत ठेवलं. दुसरं झाकून हातात धरलं आणि मला म्हणाली, "स्कूटर काढ." सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवलं.

"मावशी, कोणाकडे?"

"येवल्याला."

"कोणत्या विंगमध्ये?"

"शेवटच्या," आई म्हणाली आणि चालू लागली. शेवटच्या इमारतीच्या मागे, भिंत आणि डोंगर यांच्यामध्ये, एक चिंचोळी पट्टी बांधायची राहून गेली होती. कमरेएवढी कुसळी, उभ्या उभ्या वाळलेली. काठापदराची साडी नेसलेली माझी आई त्यातून चालत आत गेली, पार डोंगराला टेकेपर्यंत. काड्या बाजूला करून तिने पान मातीवर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. मी म्हणालो, इथे गाय कुठून येणार? ती म्हणाली, "माहीत आहे मला." बराच वेळ आम्ही उभे होतो. गाय आली नाही.

घरी आल्यावर ती पायरीवर बसून पदरातली, निऱ्यांतली कुसळं एकेक करून उपटत होती. मी मदतीला वाकलो तर तिने माझा हात बाजूला केला.

"राहू दे," म्हणाली. "दोन-चार राहू देत."